माणूस गेल्यावर घरात उरलेले जीव आणि वस्तू : अनुभव लिहा

रानजाई :
आज कपाट आवरताना कुत्र्याच्या गळ्यातला जुना पट्टा हाताला लागला. बकलात अजून केस अडकलेत. त्यावरून हा धागा.

मोकळं व्हायचं असेल तर जरूर व्हा, पण शक्यतो कामाचं लिहा. घरातलं माणूस गेलं की मागे कुत्रा, मांजर, माशांची टाकी, कुंड्या, घड्याळ, फोन असं काहीबाही उरतं. त्याचाच आधार असतो, आणि नेमकं तेच पहिल्या पंधरवड्यात हातचं जातं. दुर्लक्षामुळे कमी, अति काळजीमुळे जास्त.

सुरुवात कुत्र्यापासून. त्याला मरण कळतं की नाही यावर वाद नको, दिनक्रम मोडलेला त्याला नक्की कळतो. खाणं, फिरणं आणि झोपायची जागा या तीन गोष्टी आधीच्याच ठेवा, फिरवणारा हात बदलला तरी. खाल्लं नाही तर वाटी पंधरा-वीस मिनिटांनी उचला आणि पुढच्या वेळेला पुन्हा ठेवा. दर अर्ध्या तासाला नवीन काहीतरी पुढे केलं की तो चार दिवसांत शिकतो की तोंड फिरवलं की जास्त चांगलं मिळतं. पाणी मात्र कायम भरलेलं. पूर्ण दिवस अन्नाला शिवला नाही, पाणी सोडलं किंवा उलट्या सुरू झाल्या तर डॉक्टर. पिल्लू, म्हातारं किंवा मधुमेही असेल तर दिवसभरही थांबू नका.

आणि मिठी. आपल्याला गच्च धरावंसं वाटतं, बहुतेक कुत्र्यांना ते नको असतं. मान वळवणं, ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, डोळ्याचा पांढरा भाग दिसणं, हे सगळं "पुरे" असतं. छातीवर किंवा मानेच्या बाजूला तीन सेकंद हात फिरवा आणि थांबा. तो जवळ सरकला तर पुढे, नाही तर बसू दे शेजारी. शेजारी बसणं पुष्कळ असतं.

बोकाबहाद्दर :
मांजरवाल्यांसाठी, घाईत.

पहिलं काम : भेटायला येणारे फुलं आणतात, त्यात लिली असली तर घराबाहेर. दारातूनच. पाकळी, पान, अंगावर पडलेला पराग चाटणं, फुलदाणीतलं पाणी, काहीही मांजराची मूत्रपिंडं निकामी करू शकतं. डे-लिलीही तशीच. चावलेलं दिसलं तर लक्षणांची वाट बघायची नाही, लगेच दवाखाना. सुरुवातीच्या काही तासांत सलाईन लागलं तर वाचतं.

दुसरं : येणाजाणाऱ्यांमुळे दार सताड उघडं राहतं आणि मांजर निसटतं. एक खोली तिची. पाणी, खाणं, मातीचा ट्रे (खाण्याशेजारी नको), आणि दारावर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी. पलंगाखाली बसली तर ओढून काढू नका.

तिसरं : मांजराचा उपास कुत्र्यासारखा घेऊ नका. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही की यकृतात चरबी साठते, लठ्ठ मांजरात तर हमखास भीती. एक दिवस गेला की फोन करा. ओलं खाणं अंगाच्या उष्णतेइतकं, ३७-३८ अंशांपर्यंत गरम करून द्या, वास सुटतो आणि बऱ्याचदा तेवढ्यावर काम होतं. सूप देणार असाल तर कांदा-लसूण बिलकुल नको, कुत्र्यालाही नको.

बोका ट्रेमध्ये परत परत बसतोय आणि लघवी होत नाहीये, तर ते दुःख-बिख नाही. ताणाने मूत्रमार्ग तुंबतो. रात्रीचे दोन वाजलेले असले तरी निघा.

सायली_स :
लिलीचं माहीतच नव्हतं!! वाखु (वाचनखूण) साठवली.

जलचर :
टाकीवर लिहितो, कारण इथे प्रेमाने सर्वात जास्त जीव जातात.

गेलेल्याची टाकी म्हणून कुणीतरी ती लख्ख करतं. मासे बादलीत, खडी नळाखाली, फिल्टरचा स्पंज साबणाने, नवं पाणी. पुढच्या काही दिवसांत मासे वर येऊन तोंड उघडतात आणि एकेक जातो. माशांच्या घाणीतून अमोनिया होतो, त्याचं जिवाणू नायट्राइट करतात, आणि दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट. हे जिवाणू स्पंजात आणि खडीत असतात. ते धुऊन टाकले की पुन्हा बसायला चार ते सहा आठवडे लागतात, तोवर मासे स्वतःच्याच विषात.

तर : आठवड्याला वीस-पंचवीस टक्के पाणी बदला, तेवढंच. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवायचे थेंब टाका. नुसतं रात्रभर ठेवून क्लोरीन उडतं, क्लोरामिन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) उडत नाही, म्हणून थेंबच बरे. नवं पाणी हाताला आतल्याइतकंच कोमट लागायला हवं. स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यात दोनदा पिळा, बस. खाणं दोन मिनिटांत संपेल एवढंच. घरात चार माणसं असली तर डब्यावर "आज दिलं" अशी खूण, नाही तर चौघंही घालतात. मोठ्या निरोगी माशांना दोन दिवस काही मिळालं नाही तरी चालतं.

फिल्टर रात्री आवाज करतो म्हणून बंद करू नका. ऑक्सिजन तुटला की तेच जिवाणू मरतात.

टवाळ_तात्या :
चौघंही घालतात, हे खरं. आणि मासा कधीच सांगत नाही की आत्ताच झालं माझं.

जलचर :
@तात्या, उलट दर वेळी सांगतो की चार दिवसांचा उपाशी आहे.

खुरपं :
कुंड्यांचंही हेच. गेलेल्या माणसाची कुंडी म्हणून येणारा-जाणारा पाणी घालतो. मुळं कुजली की पानं मलूल होतात, मलूल दिसली की अजून पाणी. बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला, ओलं लागलं तर आज नाही. खालच्या बशीत साचलेलं पाणी ओतून द्या. कुंडी बदलायची घाई नको, जागाही बदलू नका, निदान महिनाभर.

झाड जाईल अशी भीती असेल तर तब्येत बरी असतानाच फांद्या घ्या. मनीप्लांटसारख्या वेलीचा पेराखाली तिरका काप, १०-१५ सेंमीचा तुकडा, वर दोन पानं ठेवून बाकी काढा. पेर पाण्यात बुडलं पाहिजे, पान नाही. पाणी तीन-चार दिवसांनी बदला. मुळं बोटभर झाली की मातीत. जास्वंद, गुलाब यांची पेन्सिलीएवढी जाड फांदी थेट ओलसर मातीत, सावलीत. तीन-चार लावा, एखादी जाते. भावंडांना एकेक द्या, म्हणजे सगळी भिस्त एकाच कुंडीवर राहत नाही.

रमा_लिहिते :
अवांतर, जास्वंदावर पांढरा कापूस आलाय, काय करू?

खुरपं :
@रमा पिठ्या ढेकूण. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पुसा, पानांच्या बेचक्यात नीट बघा. आठवड्याने परत. मुंग्या असतील तर आधी त्यांचा बंदोबस्त, त्याच त्यांना इकडून तिकडे नेतात. बाकी वेगळ्या धाग्यावर विचार गं.

आवाजकी :
वस्तूंपैकी सर्वात आधी आवाज जातो. कुणीतरी हिशेबीपणाने सिम बंद करतं, नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याला मिळतो. व्हॉट्सअ‍ॅप खातंही साधारण १२० दिवस वापर नसला की काढून टाकलं जातं. म्हणून सिम लगेच बंद नको, बँकेचे ओटीपीही त्यावरच येतात. फोन रीसेट तर अजिबात नको.

आपल्या फोनमधल्या व्हॉइस नोट आधी काढा. चॅट उघडा, वरची तीन टिंबं, आणखी, चॅट एक्सपोर्ट, मीडियासह. खूप जुनी चॅट असेल तर सगळं येत नाही, अलीकडचंच येतं. म्हणून लाडक्या नोट एकेक दाबून धरून शेअर करा आणि फाइल म्हणून साठवा. शेवटी 'ओपस' असं दिसेल, न वाजल्यास व्हीएलसी प्लेअरमध्ये वाजते. नाव लगेच बदला, तारीख आणि दोन शब्द, नाही तर दोनशे फाइलींत "जेवलीस का" शोधत बसाल. दोन प्रती दोन ठिकाणी, त्यातली एक घराबाहेर.

कपडे : एक सुती कपडा न धुता ठेवा, पूर्ण कोरडा, हवाबंद पिशवीत, अंधारात. जमलं तर दोन पिशव्या, एक उघडायची आणि एक न उघडायची, कारण दर वेळी उघडली की वास कमी होतो. बाकीचे धुऊनच ठेवा, घामाच्या तेलकटपणाने कापड पिवळं पडतं आणि कसर लागते.

सायली_स :
"जेवलीस का" 😭 आत्ता ऑफिसात आहे हो.

मिहीर७ :
काकांच्या मागे काकू एकट्या आहेत. त्यांना पिल्लू आणून द्यावं का? सगळे म्हणतायत मन रमेल.

रानजाई :
@मिहीर७ आधी काकूंना विचारा. भेट म्हणून कधीच नको. पिल्लू म्हणजे रात्री दोन-तीनदा उठणं, घरभर शू, आणि सहा-आठ आठवड्यांपासून सोळा आठवड्यांपर्यंत दर दोन ते चार आठवड्यांनी लस. झोप उडालेल्या माणसाच्या अंगावर हे टाकू नये. त्यापेक्षा पाच-सात वर्षांचा शांत कुत्रा किंवा मांजर, तेही तात्पुरतं सांभाळायला. निवारा चालवणारे बरेच जण असं देतात. नाही जमलं तर परत करता येतं, अपराधी वाटत नाही. नवा प्राणी रुळायला तीन दिवस भेदरलेला, तीन आठवड्यांत वेळापत्रक, तीन महिन्यांत घर, असा ढोबळ हिशेब. काकूंच्या तब्येतीला काही झालं तर कोण सांभाळणार, हेही आधीच लिहून ठेवा.

चिमणचारा :
किंवा काहीच पाळू नका, पक्ष्यांना पाणी ठेवा. पसरट खरबरीत भांडं, पाणी दोन ते पाच सेंमी, मध्ये एक दगड. झुडपापासून दोन-तीन मीटर दूर, मांजर दबा धरतं. पाणी रोज बदला आणि ब्रशने घासा. डासाला अंड्यापासून उडेपर्यंत साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, रोज बदललं की प्रश्नच नाही. उठायला एक ठराविक कारण मिळतं, तेही दहा मिनिटांचं.

टवाळ_तात्या :
हाचिको अजून कसा आला नाही धाग्यात?

वाचनवेडा :
@तात्या आणलाच मी! हाचिको म्हणजे जपानमधला कुत्रा. त्याचे मालक प्राध्यापक उएनो मे १९२५ मध्ये वारले आणि तो मार्च १९३५ पर्यंत शिबुया स्टेशनवर येत राहिला. लोक खाऊ घालायचे, म्हणून यायचा असं म्हणणारेही आहेत. मेल्यावर पोटात मांस भाजायच्या काड्या सापडल्या, पण २०११ मध्ये संशोधकांनी सांगितलं की मरण कर्करोग आणि हृदयातल्या जंतांनी आलं. खाऊ हवा होता की मालक? दोन्ही असेल की.

थोडं गंभीर : शोकाचा अभ्यास करणाऱ्या स्ट्रोब आणि शुट यांनी १९९९ साली मांडलं की शोकात माणूस दोन टोकांमध्ये ये-जा करतो, कधी गेलेल्याकडे, कधी रोजच्या कामांकडे, आणि ही ये-जाच निरोगी. त्यामुळे कुंडीला पाणी घालताना हसू आलं तर स्वतःवर चिडू नका.

अनामिक_मी :
आणि प्राणीच गेला असेल तर? "कुत्राच तर होता" ऐकून वीट आलाय.

बोकाबहाद्दर :
@अनामिक_मी ज्यांना असं वाटतं त्यांच्याशी बोलूच नका सध्या.

पुरायचं असेल तर किमान एक मीटर खोल, विहीर-ओढ्यापासून लांब, सुती कापडात, प्लास्टिक नको. इंजेक्शन देऊन निरोप दिला असेल तर खोलीत काटकसर नाहीच. ते औषध शरीरात राहतं आणि उकरून खाणाऱ्या प्राण्याला मारू शकतं. शक्य असेल तर दहन. लहान मुलांना "झोपला" सांगू नका, ती मग झोपायला घाबरतात. मेला म्हणा. घरात दुसरं जनावर असेल तर गेलेल्याची वाटी-बिछाना एकदम हलवू नका.

घड्याळवाला :
उशिरा आलो. लंबकाचं घड्याळ उरलं असेल तर : चावी ठराविक वारी, आठ दिवसांनी, घट्ट लागली की थांबा. हलवायचं असेल तर आधी लंबक काढा. मागे पडत असेल तर लंबकाच्या खालचा नट उजवीकडे, लंबकाचा गोळा वर जातो, घड्याळ जलद. पुढे पळत असेल तर डावीकडे. एका वेळी अर्धा फेरा आणि एक दिवस थांबा. काटे उलटे फिरवू नका, ठोके चुकतात. बंद पडलेल्या मनगटी घड्याळातला सेल मात्र काढाच, गळला की आतलं यंत्र जातं.

मिहीर७ :
घड्याळ सरळ टांगलंय पण टिक-टक लंगडते. नट फिरवू का?

घड्याळवाला :
नट नाही. घड्याळाची खालची बाजू किंचित डावीकडे-उजवीकडे सरकवून ऐका. दोन्ही आवाज सारख्या अंतराने आले की तिथेच भिंतीवर पेन्सिलीने खूण करा.