विषय: चौघांच्या कुटुंबाला वर्षाला किती पौंड लागतात?

नमस्कार मंडळी,
माझी भाची, तिचे यजमान आणि दोन मुले पुढच्या महिन्यात भारतातून वर्क व्हिसावर इंग्लंडमधल्या लेस्टरला राहायला येत आहेत. दोघांचा मिळून पगार वर्षाला ६०,००० पौंड असेल. लफबरो विद्यापीठाच्या २०२४ च्या हिशोबात अशा कुटुंबाला मानाने जगायला वर्षाला ६९,४०० पौंडांची कमाई लागते असे वाचल्यापासून तिला काय सांगावे, ते मला सुचत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.
(लेस्टरहून)

सप्रेम नमस्कार, ताई,
गरिबीवर संशोधन करणाऱ्या जोसेफ राउनट्री फाउंडेशन या संस्थेच्या पाठबळाने हा हिशोब २००८ पासून होत आला आहे. मला तो मोलाचा वाटतो, कारण चार माणसांत मानाने वावरायला काय लागते, हे सामान्य लोकांचे गट एकेका वस्तूवर चर्चा करून ठरवतात आणि मगच त्या यादीची किंमत काढली जाते. अन्नवस्त्राबरोबर वाढदिवसाच्या भेटवस्तू आणि वर्षातून आठवडाभराची देशांतर्गत सहलही त्या यादीत आहे.

मात्र भाचीला तो आकडा जसाच्या तसा लावू नका. मुले असलेल्या कुटुंबासाठी त्यात कौन्सिलच्या (म्हणजे नगरपालिकेच्या) किंवा हाउसिंग असोसिएशनच्या घराचे स्वस्त भाडे धरलेले असते आणि चाइल्ड बेनिफिट, म्हणजे मुलांमागे मिळणारा सरकारी भत्ताही जमेस असतो. वर्क व्हिसावर आलेल्यांना सहसा यांपैकी काहीच मिळत नाही. केवळ चाइल्ड बेनिफिटचा फरक २०२४ च्या दराने दोन मुलांमागे वर्षाला सुमारे २,२०० पौंडांचा पडतो. शिवाय हेल्थ सरचार्ज, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसाबरोबर भरायचा आकार, आहेच: प्रौढाला १,०३५ आणि मुलाला ७७६, म्हणजे चौघांचे वर्षाला ३,६२२ पौंड, आणि तेही व्हिसाच्या सगळ्या वर्षांचे एकदम आगाऊ.

भारतवारीचा खर्चही त्या यादीत नाही, आणि आपण तो चैनीत टाकतो याचे मला फार वाईट वाटते. जोसेफ यांचे चिरंजीव, समाजसंशोधक सीबोम राउनट्री यांनी १८९९ मध्ये यॉर्कच्या कामगारांची पाहणी करून पाच जणांच्या कुटुंबासाठी आठवड्याला २१ शिलिंग ८ पेन्स ही दारिद्र्यरेषा आखली, तेव्हा एवढ्या पैशांत दूर राहणाऱ्या मुलांना पत्र पाठवायला तिकिटाचे पैसेही उरत नाहीत, हे त्यांनीच स्पष्ट लिहून ठेवले होते. आपल्या आईवडिलांना दोन वर्षांतून एकदा तरी भेटणे ही गरज आहे. भाचीने ती भाड्याच्या खालोखाल मांडावी.
(रेडिंगहून)

दादा, मनःपूर्वक आभार.
काल भाचीशी बोलले. कंपनीने सरचार्ज फक्त तिच्यापुरता भरला आहे. उरलेल्या तिघांचे तीन वर्षांचे ७,७६१ पौंड त्यांनी पुण्यातल्या ठेवी मोडून भरले. आता शाळेपासून चालत जाता येईल असे दोन खोल्यांचे घर पाहायचे, मोटार पहिले वर्षभर घ्यायची नाही आणि विमानाच्या तिकिटांसाठी दरमहा २०० पौंड बाजूला टाकायचे, असे दोघांनी ठरवले आहे. लेस्टरमध्ये असे घर कोणाच्या पाहण्यात असल्यास कृपया कळवावे.
(लेस्टरहून)