मदत हवी आहे: रॅक जॅकने वजन खाली घेताना हँडल मागे झटका देतं

५ टनी रॅक जॅक (दातेरी दांडा वर-खाली सरकवून वजन उचलणारा) आहे, क्रँक हँडलचा, आत घर्षणाचा ब्रेक असलेला. मशीनचा बेड एका कडेने उचलून पॅकिंग प्लेटा सरकवायच्या असतात. जागा कमी, म्हणून वजन वरच्या डोक्यावर नाही, खालच्या पंजावर घ्यावं लागतं. हायड्रॉलिक जॅक तिथे शिरत नाही.

वर चढवताना काहीच तक्रार नाही, खटका (आतल्या दातेरी चाकाला उलटं फिरू न देणारा) नीट टकटकतो. उलटं फिरवलं की मात्र हँडल हातातून निसटू पाहतं आणि वजन थोडं घसरून मग थांबतं. खरं तर हँडल सोडलं तरी वजन जागीच राहायला हवं, म्हणून काळजी वाटते. सध्या जॅक वापरातून बाजूला ठेवला आहे.

रॅकचे दाते साफ करून ग्रीस लावलं. ब्रेकच्या चकत्यांना हात लावलेला नाही. रिकामा जॅक सुरळीत चालतो. जमीन काँक्रीटची, जॅक ओळंब्यात, वजन क्षमतेच्या निम्म्याहून कमी. बेडखाली लाकडी ठोकळे कायम असतात.

चकत्या झिजल्या की त्यांवर ग्रीस गेलं, हे न उघडता कसं ओळखायचं? आणि फक्त चकत्या बदलून भागतं, की ब्रेकसकट अख्खा क्रँकच बदलावा?