बाळीवेशीतलं माळवदाचं घर घ्यावं की रेल्वे लाईन्समधला जुना फ्लॅट?

कडकभाकरी

नमस्कार मंडळी. पुण्यातलं बिऱ्हाड आवरून आम्ही कायमचे सोलापूरला येतोय. नवऱ्याला चिंचोळी एमआयडीसीत नोकरी लागली, माझं काम घरून चालतं, मुलगा आठवीत. आणि माझी आई. खरं तर घर तिच्यासाठीच बघतेय म्हटलं तरी चालेल. वय चौऱ्याहत्तर, गुडघे कुरकुरतात, पण सिद्धेश्वराला पायी जायचं आणि येताना भाजी स्वतः निवडून आणायची, हे तिचं जुनं आयुष्य तिला परत हवंय. पुण्यात भाजी मोबाईलवर मागवली की पिशवी उघडून एकेक वांगं उलटंपालटं करते आणि माझ्याकडे बघते. बोलत नाही काही.

बजेट कर्ज धरून पंचावन्न लाखांपर्यंत. नणंद, नवऱ्याचे मित्र, आमचे जुने शेजारी, सगळ्यांचं एकच: जुळे सोलापूर बघा, नाहीतर सैफुल. रुंद रस्ते, दारात गाडी, नवं बांधकाम. मान्य आहे सगळं. पण तिथं राहून रिक्षानं देवळात जाणं आणि आपल्या पायांनी जाणं यात आईच्या लेखी फार फरक आहे. शिवाय चिंचोळी गावाच्या एका टोकाला, जुळे सोलापूर दुसऱ्या टोकाला. म्हणून जुन्या वस्तीतच घ्यायचं, यावर मी अडून बसले आहे.

दोन जागा मनात भरल्यात.

पहिली बाळीवेशीच्या आतल्या गल्लीत. नऊ खणांचं माळवद (लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छप्पर), मधे छोटा चौक, चौकात आड (पाणी आहे, मी बादली सोडून बघितली). भिंती दोन हात जाड. एप्रिलच्या भर दुपारी आत शिरले तर पंखा नसताना बरं वाटलं. मागच्या अर्ध्या भागावर नंतर कधीतरी स्लॅब टाकून वर दोन खोल्या काढल्यात. रस्त्याकडच्या गाळ्यात एका शिंप्याचं दुकान आहे, खूप जुना भाडेकरू. मालक तीन भाऊ आणि दोन बहिणी. एजंट म्हणतो, "बहिणींचं काही नाही, त्यांना लग्नात दिलंय सगळं. शिंपी पण उठेल, मी बघतो." सांगताहेत अठ्ठेचाळीस.

दुसरी जागा रेल्वे लाईन्समध्ये. दुसऱ्या मजल्यावरचा टू बीएचके, इमारत पस्तीसेक वर्षांची, लिफ्ट नाही. वस्ती शांत, झाडं आहेत, खाली गाडी लागते. देऊळ पायी जमेल, पण मधे मोठे चौक ओलांडायचे. आणि ते जिने. किंमत एक्केचाळीस.

नवऱ्याचा कौल फ्लॅटला, आईचा आडाला. माझं मन कुठं आहे ते वाचून कळलंच असेल. जे या भागांत राहतात त्यांनी सांगा, रोजचं जगणं कसं आहे? आणि कागदांचं काय बघायचं?

सैफुल_थांबा

ताई, राग मानू नका, पण गावात घर घेणं म्हणजे गाडी विकणं. आम्ही नव्या पेठेतून इकडं आलो. आता दारात दोन गाड्या लागतात, मुलं खाली खेळतात. आईसाठी रिक्षा ठरवून टाका, महिन्याचे पैसे ठरवले की झालं.

कडकभाकरी

दादा, राग कसला. पण आईला रिक्षावाल्याची वेळ पाळायची नाहीये. तिला वाटेत थांबून बोलायचंय.

वेशीआतला

ताई, माझा जन्म उत्तर कसब्यातला, अजून तिथंच राहतो, तर माझं थोडं एकतर्फी समजून वाचा. घर काय शोधलालाव तुम्ही, गल्ली शोधा आधी. गावात घर चांगलं आणि गल्ली वाईट असं असलं की पाच वर्षांत लोक निघून जातात. उलटं असलं तर भिंत पडेस्तोवर राहतात.

गल्लीचं काय बघायचं सांगतो. रुंदी पावलांनी मोजा. रुग्णवाहिका दारापर्यंत येते का? येत नसेल तर स्ट्रेचर कुठपर्यंत न्यायला लागेल? तुमच्या आईचं वय बघता हे पार्किंगच्या आधीचं आहे. ड्रेनेजची लाईन कुठून जाते, जोराच्या पावसात चेंबर उलटं मारतं का, हे समोरच्या घरात विचारा, मालकाला नको. पाण्याचं तुम्हाला माहीतच असेल. उजनीचं पाणी शंभरावर किलोमीटर पाईपनं येतं आणि आपल्याकडं काही दिवसाआड सोडतात, ते पण रात्री-अपरात्री. एकाच गल्लीत वरच्या टोकाला आणि खालच्या टोकाला दाब वेगळा असतो. पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याला गाठा, त्याच्याइतकं खरं कोणी सांगणार नाही. हौद किती मोठा आहे तेही बघा. आड आहे ही लई मोठी गोष्ट, धुणंभांडं निघतं त्यावर. प्यायला मात्र तपासून घ्या, जुन्या वस्तीत ड्रेनेज जवळून गेलेलं असतं.

आवाजाचं. बाळीवेस म्हणजे वर्षभर काही ना काही असतंच. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत हिरेहब्बू वाड्यातून सात नंदीध्वज (मानाच्या उंच काठ्या) निघतात, तेव्हा गावातून गाडी काढायचं विसरायचं. ते सुख आहे, माझी तक्रार नाही. आईला तर दारातून दर्शन. पण बाकीच्या मिरवणुका आणि डीजे हे सुख नाही. मुलाची दहावी येणार, रस्त्याकडची खोली त्याला देऊ नका. बाकी तुम्ही अजून पूर्वेला, साखर पेठेकडं बघत असाल तर यंत्रमागाचा खटका दिवसभर ऐकू येतो. सवय होते म्हणतात, मला कधी झाली नाही.

आता माळवद. थंड असतं हे खरं. सोलापूरच्या मे महिन्यात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला गेला तरी आत माणूस झोपू शकतो. पण ते सांभाळावं लागतं. मिरगाच्या आधी वर पांढरी माती टाकून धुम्मस करायची (ठोकून घट्ट बसवायची), पन्हाळी साफ करायच्या. आमच्याकडं पाऊस जूनमध्ये कमी आणि सप्टेंबरात बदाबदा, त्यामुळं गळती कळते ती गणपतीनंतर. हे काम जाणणारी माणसं कमी होत चालली आहेत आणि मजुरी वाढलेली. तुळयांची टोकं भिंतीत जिथं शिरतात तिथं सुरी खुपसून बघा. वाळवी तिथंच लागते, मधला भाग टणक असतो आणि सगळे मधेच टिचकी मारून बघतात. जमिनीखाली धान्याचं पेव (साठवणीचा खड्डा) आहे का हेही विचारा. जुन्या घरांत असायचं, नुसती फरशी टाकून बुजवल्यासारखं केलेलं असतं.

मोजपट्टी

वर छान सांगितलंय. मी बांधकामात आहे म्हणून फक्त एक गोष्ट. ताई, तुम्ही लिहिलंय की मागच्या भागावर स्लॅब टाकून वर दोन खोल्या काढल्यात. तो स्लॅब कशावर उभा आहे? खाली कॉलम आहेत की मातीच्या भिंतीवरच टेकवलाय? भिंतीवर असेल तर ते घर माळवद म्हणूनही राहिलं नाही आणि स्लॅबचंही झालं नाही. १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात माणसं मेली ती मुख्यतः दगडमातीच्या जाड भिंती आणि वरच्या मातीच्या वजनाखाली. सोलापुरातही तो धक्का जाणवला होता. जाड भिंत गारवा देते, पण ती आडवा धक्का घेत नाही. आणखी एक, मातीच्या भिंतींना बाहेरून सिमेंटचं प्लास्टर केलं असेल तर ओल आतच अडकते आणि भिंत आतून पोकळ होत जाते. ठोकून बघा, बद्द आवाज आला तर समजा.

पाडून नवं बांधायचा विचार असेल तर आधी महापालिकेच्या नगररचना विभागात भाग नकाशा बघा. रस्ता रुंदीकरणाची रेषा गाळ्यातून जात असेल तर जुनं घर उभं आहे तोवर ठीक, नवं बांधायला गेलात की तेवढी जागा सोडावी लागते. गावातल्या छोट्या जागेत पाच फूट गेले तर एक खोली गेली.

ही माहिती या घराला लागू नाही, पण इतर कोणी वाचत असेल म्हणून. भुईकोट किल्ला केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. स्मारकांच्या कायद्यात २०१० ला झालेल्या बदलानंतर अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरमध्ये नवं बांधकाम होत नाही, घराच्या दुरुस्तीलाही परवानगी लागते, आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये ना-हरकत घ्यावी लागते. पार्क चौक किंवा पंचकट्ट्याच्या बाजूला स्वस्तात जुनं घर मिळतंय म्हणून उडी मारणाऱ्यांनी आधी अंतर मोजावं.

दस्तलेखक_सेवानिवृत्त

तुमचा एजंट जी दोन वाक्यं बोलला, ती दोन्ही चूक आहेत.

बहिणींचं आधी. वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतकाच जन्मतः हक्क आहे, हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनं. वडील त्याआधी वारले असले तरी मुलीचा हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलंय. मिळकत वडिलांची स्वकष्टाची असेल आणि मृत्युपत्र नसेल, तरी मुली वारस आहेतच. लग्नात दिलेलं सोनं हा काही हक्कसोडीचा कागद नाही. २० डिसेंबर २००४ च्या आधी नोंदणीकृत वाटणीपत्र झालं असेल तर गोष्ट वेगळी, ते असेल तर दाखवायला सांगा. नसेल तर दोनच वाटा: बहिणींनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र द्यावं, नाहीतर खरेदीखतावर पाचही जणांनी लिहून देणार (म्हणजे विकणारे) म्हणून सही करावी. मी दुसरी वाट सुचवीन. बहिणी हयात नसतील तर त्यांची मुलं. नुसत्या स्टॅम्पपेपरवरच्या संमतीपत्राला भुलू नका, माझ्या टेबलावर असे कागद घेऊन रडणारे पुष्कळ बसून गेलेत.

शिंप्याचं. घर विकलं म्हणून भाडेकरू जात नाही. तो घराबरोबर तुमच्याकडे येतो, जुन्या भाड्यासकट, आणि भाडे नियंत्रण कायदा १९९९ त्याला संरक्षण देतो. "मी बघतो" याचा अर्थ व्यवहार झाल्यावर तुम्ही बघा. एकतर त्यानं गाळा रिकामा करून लेखी ताबा मालकाला द्यावा आणि मग खरेदी व्हावी, नाहीतर तो तिथंच राहणार असं धरून किंमत ठरवा. माझं विचाराल तर गल्लीत जुना शिंपी असणं वाईट नाही, दिवसभर दारावर नजर राहते. पण मग अठ्ठेचाळीस द्यायचे नाहीत.

कागद असे काढा. सिटी सर्व्हेची मिळकत पत्रिका, तिच्यावर वारसांची नोंद झालीय का आणि सत्ता प्रकार (जमीन मालकीची की भाडेपट्ट्याची) कोणता ते बघा. गावठाणातल्या घराला सातबारा शोधत बसू नका. दुय्यम निबंधकाकडून किमान तीस वर्षांचा शोध वकिलामार्फत. महापालिकेचा टॅक्स उतारा आणि थकबाकी नसल्याचा दाखला. धोकादायक इमारतीची नोटीस निघालीय का, तेही तिथंच कळेल. मग वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्या. ती दिल्यावर जे चुलत भाऊ उगवतात, ते इसाराच्या आधी उगवलेले बरे.

कर्जाचंही आधीच विचारा. बँकेचा व्हॅल्युअर माळवदाची किंमत जवळपास धरतच नाही, जागेची धरतो. त्यामुळे फ्लॅटवर जेवढं कर्ज मिळेल तेवढं इथं मिळेलच असं नाही. दस्त तुमच्या एकटीच्या नावावर केलात तर निवासी मिळकतीला मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. पुढचा गाळा व्यापारी आहे, त्या भागाला ती मिळेल का हे दस्ताआधी विचारून ठेवा.

फ्लॅटबद्दल कोणीच बोललं नाही. तिथं विचारायचं एवढंच: सोसायटी नोंदलेली आहे का, की अपार्टमेंटचं घोषणापत्र आहे? जमीन अजून बिल्डरच्या किंवा मूळ मालकाच्या नावावर असेल तर मानीव अभिहस्तांतरण (त्यांनी सही दिली नाही तरी जमीन सोसायटीच्या नावावर करणं) करून घ्यावं लागेल, आणि ते एकट्यानं होत नाही, बाकीच्या बिऱ्हाडांना बरोबर घ्यावं लागतं. पस्तीस वर्षांची इमारत उद्या पाडायची वेळ आली तर हाच कागद लागतो.

कडकभाकरी

सगळ्यांचे आभार, मी हे सगळं कागदावर उतरवून घेतलं. थोडं झालंय ते सांगते.

धाकट्या बहिणीशी फोनवर बोलले, सोलापुरातच असतात. त्यांना घर विकायला काढलंय हेच माहीत नव्हतं. आधी गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "सही देईन, पण माझा वाटा चेकनं, माझ्या खात्यात." मला तर हे ऐकून बरंच वाटलं. भाऊ मात्र आता एजंटवर नाराज आहेत, एजंट माझ्यावर.

शिंपीकाकांना मीच जाऊन भेटले. ब्लाऊज शिवायला टाकलं, नुसतं कसं बोलणार. ते म्हणतात कुठंही जाणार नाही. आणि खरं सांगू, मलाही ते जायला नकोत. तेवढं किमतीतून कमी करायचं बोलणं नवरा करेल. त्याला भाव करताना लाज वाटत नाही.

स्लॅब भिंतीवरच आहे. कॉलम नाहीत. मोजपट्टी, तुमचं वाचल्यावर मी मागच्या खोलीत जाऊन ठोकलं आणि बद्द आवाज आला. समोरच्या काकू म्हणाल्या, दोन पावसाळ्यांपूर्वी मागचा कोपरा फुगला होता, तेव्हाच प्लास्टर केलं. म्हणजे वरच्या दोन खोल्या उतरवाव्याच लागणार, तो खर्चही किमतीतून काढायचा.

फ्लॅटवर फुली मारली. सोसायटी नोंदलेली आहे, कागदांची अडचण नव्हती. आईला एकदा दोन जिने चढवले, वर पोचल्यावर ती पहिल्या खुर्चीत बसली आणि घर बघायला उठलीच नाही.

माझी तयारी अशी: शिंपीकाकांसकट, पाचही जणांच्या सह्यांनी, चाळीसच्या आत मिळालं तर माळवद घ्यायचं, मागचा भाग उतरवून तिथं चार कॉलमवर साधी खोली आणि कमोडचं संडास-न्हाणीघर बांधायचं, पुढचं माळवद दुरुस्त करून तसंच ठेवायचं. नाही जमलं तर याच भागात दुसरं बघेन. मुरारजी पेठेत कोणाच्या नजरेत तळमजल्याचं काही असेल तर कळवा.

वेशीआतला, एक काम होतं. माळवदाची माती जाणणारा माणूस तुमच्या ओळखीत आहे का? मिरग जवळ आलाय, आणि व्यवहार होवो न होवो, वरची माती एकदा त्याला दाखवून घ्यायची आहे. रंधा मारणारा सुतार मी शोधला आहे, तुळया तो बघेल.

वेशीआतला

आहे की. आमचंच माळवद तो करतो. वयानं थकलाय, वर चढत नाही, खाली उभा राहून पोराला सांगतो. निरोप पाठवलाय, नंबर तुम्हाला खासगीत देतो. आणि ताई, दुपारी बारानंतर बोलवू नका, जेवून झोपतो तो.