तलावातला वारा कसा ओळखायचा?

प्रश्न (मालवण): लेक १३ वर्षांची. शनिवार-रविवारी हैदराबादला हुसेनसागरावर ऑप्टिमिस्टच्या, म्हणजे मुलांच्या छोट्या शिडाच्या होडीच्या, शर्यतीत उतरतेय. इथे दुपारी खारा वारा लागला की संध्याकाळपर्यंत एका अंगानेच वाहतो, ती त्यातच शिकली. तलावात काय वेगळं? मला तर झोप लागत नाही.

उत्तर: दादा, भरती-ओहोटी नाही, पण वारा काठावरच्या इमारतींना वळसा घालून तुकड्यातुकड्याने येतो. पाण्यावर काळसर सुरकुती सरकत आली की झुळूक आलीच. शिडाची दोरी तेव्हा हातातच हवी.

उत्तर: होडी जेमतेम २.३ मीटरची. वारा पडला की तिला पुढे सरकून बसू दे, मागची बाजू पाण्यात घासत राहिली की वेग गेला.

प्रश्नकर्ता: तिला वाचून दाखवलं. उद्यापासून देवबागच्या खाडीत, पहाटेच्या मतलईवर सराव. माडांआडून तोही असाच तुटक येतो.