मदत हवी आहे: गाऊटची सूज आपोआप ओसरते कशी?

नमस्कार मंडळी. परवा रात्री अडीचला बाबांच्या पायाचा अंगठा ठणकायला लागला. सकाळी टोमॅटोसारखा लाल, चादरीचा स्पर्शही सोसेना. गाऊट निघाला. मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला, त्यामुळे घरात 'आता तूच सांग' सुरू झालंय.

इथपर्यंत कळलं: सांध्यात युरिक ॲसिडचे सुईसारखे स्फटिक साचतात, मॅक्रोफेज (बाहेरचे कण गिळणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) ते गिळतात, त्यांच्या आतला इन्फ्लमासोम (सूज सुरू करणारा प्रथिनांचा संच) जागा होतो आणि इंटरल्यूकिन-१ बीटा हे सूज वाढवणारं संदेशवाहक प्रथिन बाहेर पडतं. त्या हाकेवर न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) झुंडीने धावतात. प्रोस्टाग्लँडिन या रसायनांमुळे रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून लाली आणि ऊब. द्रव बाहेर झिरपतो, म्हणून सूज. कोल्चिसिन हे गाऊटवरचं औषध न्यूट्रोफिलची धावपळच रोखतं, हेही वाचलं.

गाडी अडलीय पुढे. औषध न घेताही असा झटका आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतो. पण स्फटिक तर तिथेच असतात ना! मग मॅक्रोफेज गप्प का बसतात? मेलेल्या न्यूट्रोफिलांची जाळी इंटरल्यूकिनला अडकवून तोडते, एवढंच कारण की आणखी काही?

पॅथॉलॉजी शिकवणारं कोणी असेल तर प्लीज सोप्या शब्दांत सांगा. (डाएट चार्ट नकोत, आत्याने तीन पाठवलेत.)