‘ट्यूनेबल’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : दिवाळी अंकासाठी लेख लिहितेय. प्लास्टिकच्या पातळ पापुद्र्यात चांदी-सोन्याचे अतिसूक्ष्म कण बसवून हवा तो रंग मिळवतात, त्यावर. पहिलंच वाक्य झालं, ‘समायोज्य प्रकाशीय गुणधर्मांची आकृतिबद्ध धातू-बहुवारिक अब्जांश संमिश्रे’. बहिणीने तिथेच कागद खाली ठेवला. काय बदलू?

उत्तर : ‘संमिश्र’ मात्र ठेवा. मिश्रधातूत अणू अणूत मिसळतात, संयुगात नवाच पदार्थ होतो. इथे चांदी चांदीच राहते आणि प्लास्टिक प्लास्टिकच. मातीत तूस कालवून थापलेली वीटही संमिश्रच की! ‘अब्जांश’ही चांगला, मीटरचा अब्जावा भाग लगेच कळतो. ‘बहुवारिक’ विश्वकोशातला आहे, पण लेखात ‘पॉलिमर’ खुशाल लिहा.

खरा अडसर ‘समायोज्य’चा, म्हणजे ‘ट्यूनेबल’चा आहे. तो वाचून खुर्चीचा स्क्रू आठवतो. ‘बदलता’ म्हणाल तर वाचकाला सरडा दिसेल, तेही चूक. हा पापुद्रा मी स्वतः केलाय. पॉलिव्हिनाइल अल्कोहोल हा पॉलिमर पाण्यात विरतो. त्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेट हा चांदीचा क्षार विरघळवून काचेवर ओतायचं. सुकला की स्वच्छ पारदर्शक. तापवत गेलं की आतल्या आत चांदीचे कण धरतात आणि पापुद्रा हळूहळू मधासारखा पिवळा होतो. त्या कणांतले इलेक्ट्रॉन सुमारे ४०० नॅनोमीटर (अब्जांश मीटर) तरंगलांबीच्या जांभळ्या प्रकाशाबरोबर डोलतात, तो शोषला जातो, उरतो पिवळा. सोन्याचे कण सुमारे ५२० नॅनोमीटरला हिरवा गिळतात, म्हणून लाल दिसतात. सोन्याचे असे कण तरंगणाऱ्या माणकासारख्या लाल द्रवावर इंग्रज शास्त्रज्ञ फॅरडेने १८५७ मध्येच लिहून ठेवलंय.

म्हणजे रंग ठरतो तो करताना : कण केवढे, किती जवळ. पापुद्रा गरम असताना ताणला तर कण ओळीने लागतात आणि ध्रुवित (एकाच दिशेत कंप पावणाऱ्या) प्रकाशात आडवा-उभा रंग वेगळा येतो. मैफलीआधी गट्टे ठोकून तबला लावतात ना, तसंच हे. म्हणून ‘रंग जुळवता येतो’ असं क्रियापदानेच लिहा, विशेषण कशाला हवं?

प्रश्नकर्ती : पटलं! आणि ‘आकृतिबद्ध’ऐवजी, म्हणजे ‘पॅटर्न्ड’ला, ‘नक्षीदार’?

उत्तर : नक्षी म्हटलं की पैठणीचा काठ. पट्टे असतील तर पट्टे, जाळी असेल तर जाळी लिहा. अतिनील प्रकाश मास्कमधून, म्हणजे आकृती कापलेल्या झाकणातून, सोडला की उजेड पडेल तिथेच चांदी धरते. रांगोळीच्या छापातून रांगोळी पडते तशी. मास्कला मी तर ‘छाप’च म्हणेन.