पॅरामाटाचं २००९ ‘निव्वळ नशीब’ म्हणणाऱ्यांना

वेस्टमीडकर:
काल इथे एकाने लिहिलं की ऑस्ट्रेलियातल्या रग्बी लीगमध्ये २००९ साली आपले सिडनीचे पॅरामाटा ईल्स आठव्या नंबरावरून ग्रँड फायनलला, म्हणजे विजेतेपदाच्या मॅचला, पोचले ते निव्वळ नशिबाने, आणि फायनल हरल्यावर विषय संपला, इतकी वर्षं रडगाणं कशाला. रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही.

साखळीतल्या शेवटच्या मॅचला सेंट जॉर्ज इलावाराने आपल्याला ३७-० असं धुतलं होतं. ते साखळीत पहिले, आपण कसेबसे आठवे. पुढच्याच आठवड्यात, बाद फेरीत, त्यांच्याच मैदानावर त्यांना २५-१२ हरवलं. मग गोल्ड कोस्ट २७-२. मग बुलडॉग्ज २२-१२, तेही ७४,५४९ लोकांसमोर. एक मॅच नशिबाने जिंकता येते. ओळीने तीन बाद फेऱ्या? आपला जॅरिड हेन त्या दोन महिन्यांत बॉल घेऊन निघाला की समोरचे चार जण त्याला हात लावायला धडपडायचे आणि तो पाचव्यालाही चुकवून गेलेला असायचा.

फायनल मेलबर्न स्टॉर्मने २३-१६ जिंकली. पुढच्या एप्रिलमध्ये कळलं की स्टॉर्मने वर्षानुवर्षं सॅलरी कॅप, म्हणजे खेळाडूंच्या पगारावरची मर्यादा, मोडली होती. दाखवायची वही एक, खरी वही दुसरी. २००७ आणि २००९ची विजेतेपदं काढून घेतली, पाच लाख डॉलर दंड केला आणि २०१०चा अख्खा हंगाम शून्य गुणांवर खेळायला लावला. आपल्याला काय मिळालं? नोंदवहीत २००९पुढे रिकामी जागा.

यारा_काठचा:
मेलबर्नमध्ये सोळा वर्षं राहतोय, त्यामुळे मी कुणाच्या बाजूचा ते सांगायला नको. चूक ऑफिसात बसलेल्यांनी केली. खेळाडूंवर कारवाई झाली नाही. स्टॉर्मचे कॅमरन स्मिथ, बिली स्लेटर, कूपर क्रॉन्क मैदानात खोटं खेळले का? २३-१६ हा आकडा कागदावरून पुसला म्हणून मैदानावरून पुसला जात नाही. शिवाय हेच तिघं २०१२ला कॅपच्या आत राहून पुन्हा जिंकले. आणि पॅरामाटाने तरी फार सोवळेपणा मिरवू नये. २०१६ साली तुमच्याच क्लबचे सॅलरी कॅपपायी १२ गुण कापले, दहा लाख डॉलर दंड झाला, नऊ-नऊ जणांच्या नाइन्स स्पर्धेची ट्रॉफीही गेली. हे लिहायचं राहून गेलं वाटतं.

वेस्टमीडकर:
राहून गेलं नाही. २०१६ची लाज मला आहेच, त्या वर्षी मी सीझन पासही काढला नव्हता. पण २०१६च्या पापाची शिक्षा २००९च्या पोरांना कशी?
२०१२चं म्हणाल तर त्या संघात ग्रेग इंग्लिस कुठे होता? कॅपच्या आत बसायचं म्हणून त्याला सोडावं लागलं, तो साउथ सिडनीला गेला. आणि २००९ला २२-१६ असताना, आपण मागून चढत येत असताना, तो एका गुणाचा फील्ड गोल कुणी मारला? इंग्लिसनेच. जो खेळाडू नियमात राहून तुम्हाला ठेवता आला नाही, त्याच्याच पायाने आमचा रस्ता बंद केला.

हुतूतू:
दोघांची माफी मागून मधे बोलतो. मी इचलकरंजीकडचा, कबड्डी खेळत वाढलो. हा खेळ पहिल्यांदा पाहिला तेव्हा वाटलं, ही तर आपली पकड! एकाने पाय धरायचा, दोघांनी वरून बसायचं. पॅरामाटा, वेंटवर्थव्हिल, हॅरिस पार्क ही सिडनीची उपनगरं आपल्या भारतीय माणसांनी भरलीत, आणि आपली किती पोरं लीग खेळतात? सगळी क्रिकेट आणि ट्यूशनमध्ये. ज्यांचं एक पोरगंही त्या चिखलात उतरत नाही त्यांनी ‘आपण जिंकलो, आपण हरलो’ म्हणू नये.

दोन_लेकरांची_आई:
हुतूतू, हे मला लागलं. माझा थोरला नऊ वर्षांचा असताना एका क्लबात घातला होता, हौसेने. तिसऱ्या शनिवारी त्याच्यापेक्षा दीड वीत उंच मुलाने टॅकल केलं, खांद्याजवळची हांसळी मोडली. कोच म्हणाले, ‘होतं असं.’ मला ते ‘होतं असं’ अजून ऐकू येतं. सहा आठवडे त्याला एका हाताने जेवताना बघितलंय मी. तुमच्या इचलकरंजीत वजनाचे गट होते ना? इथे बारक्या पोराला वयाच्या गटात उभं करतात आणि आईने टाळ्या वाजवायच्या.

हुतूतू:
वजनाचे गट होते, कबूल. पण माझाही गुडघा गेला, मातीत, सतराव्या वर्षी. आजही जिना उतरताना कळ येते. आईने खेळ बंद नाही केला, हळद लावली. तुम्ही एका हांसळीवरून अख्खा खेळ बाद करताय.

दोन_लेकरांची_आई:
तुमच्या आईंना दुसरा मार्ग नसेल, मला आहे. आणि मी कुठे बाद केला? धाकटी टॅग खेळते, कमरेची पट्टी ओढायची, अंगावर जायचं नाही. तिचा वेग बघायला या एकदा. पोरं खेळत नाहीत हे न बघताच बोलू नका.

यारा_काठचा:
कॅपवर बोलत होतो आपण.

हुतूतू:
कॅपवर काय बोलायचं राहिलंय? प्रो कबड्डीतही लिलावाला पैशाची मर्यादा असते म्हणून पुणेरी पलटण २०२४ला जिंकू शकली. मर्यादा मोडली तर लहान गावाच्या संघाने घरी बसावं. इतकं सरळ आहे ते. आणि ताई, मुलगी खेळते हे मला माहीत नव्हतं. माझे शब्द जास्त झाले.

जुना_पॅरामाटावासी:
मी १९८८ला इथे आलो. शेजारी म्हणाला होता, दोन वर्षं आधी यायला हवं होतंस, १९८६ला आम्ही चॅम्पियन होतो. तेव्हापासून वाट बघतोय. २००१ला आपण साखळीत पहिले होतो, सगळे म्हणत होते कप आपलाच, आणि न्यूकॅसलने ३०-२४ने नेला. तेव्हा मी ‘नशीब’ म्हणालो होतो. तो शब्द किती हलका असतो ते २००९ला कळलं. फायनलच्या रात्री ट्रेनमध्ये निळ्या-पिवळ्या जर्सीतला एक म्हातारा माझ्या बायकोला म्हणाला, आपल्या फुईफुई मोईमोईची ट्राय (रेषेपलीकडे बॉल टेकवून मिळवलेले गुण) बघितलीस ना, मग मी सुखाने जातो. हरून परत येत होतो आम्ही. मला कप नको, पण त्या माणसाला कुणी रडगाणं म्हणू नये.

यारा_काठचा:
काका, तुमच्यापुढे काय बोलणार. विजेतेपद पॅरामाटाला द्यायला हवं होतं हे मी आजही मानत नाही. न खेळता मिळालेला कप हेननेही घेतला नसता असं मला वाटतं. पण इंग्लिसचा मुद्दा... दोनदा उत्तर लिहिलं, दोन्ही खोडली. सहा गुणांची आघाडी असताना त्याच्या जागी कोण असतं, मला सांगता येत नाही. आठव्यावरून आलेल्या संघाला ‘नशीब’ मी म्हणणार नाही. रिकामी जागा मात्र रिकामीच राहू दे.

वेस्टमीडकर:
रिकाम्या जागेवर आपलं जमणार नाही. बाकीचं मान्य.

दोन_लेकरांची_आई:
रविवारी सकाळी नऊला टॅग आहे. हुतूतू, गुडघा चालत असेल तर या, लाइनमनला माणूस कमी पडतोय.